एवढा एकांत कोणाला मिळतो बाप्पा!

का सांगू बाप्पा, आमच्या नाकाडोंगरी गावात सध्या सभ्य माणसांच्या घरी काय चाललंय! दिवसभर धानाच्या बांधीत राबलेल्या बाया जेवणं उरकली की मोबाईल डब्याला टेकवून बसतात आणि सिनेमातल्या परक्या नवरा-बायकोच्या भानगडी डोळे फाडून बघतात. भानगडही ठरलेलीच. जोडपं शहरातून निघतं, आडरानातल्या घरात उतरतं. रेंज नाही, शेजार नाही. नवरा जरा जास्तच गोड बोलतो. तिथेच ओळखावं, याच्या पोटात काहीतरी आहे!

म्हातारी मंडळी नाक मुरडतात, ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती.’ नव्हती कशी? १९६४ साली राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ सिनेमानं काय केलं? बायको वारली म्हणून नवरा शोकात, आणि हुबेहूब तशीच बाई ‘मीच तुमची बायको’ म्हणत समोर उभी! हिंदीवाल्यांनाही राहवलं नाही. दोनच वर्षांत त्यावर ‘मेरा साया’ निघाला. तेव्हा आज्यांनी काय डोळे मिटून घेतले होते?

तरी सांगते, हे प्रकार आमच्याकडे घडणं अशक्य. जंगल आहे, सातपुड्याचे डोंगर आहेत, पलीकडे मध्य प्रदेश. पण एकांत? राम राम म्हणा! मोहफुलं वेचणारे पहाटेच झाडाखाली हजर. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारे. डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीवर पाळीला जाणारे. तुमसरहून आलेल्या एसटीतून अनोळखी जोडपं उतरू द्या, ‘कोणाकडे आले जी?’ हे विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकू देतील, तर शपथ! गुपित चहाला आधण येईपर्यंत फुटणार.

एवढं म्हणून मी निर्धास्त झाले होते, तर या बायांनी ‘लपाछपी’ लावला. विशाल फुरिया यांचा २०१७ साली थिएटरात आलेला सिनेमा. हिंदीत २०२१ साली त्याचाच ‘छोरी’ झाला. पूजा सावंतची गरोदर नेहा नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या घरी लपायला जाते. भूत आहे, किंचाळ्या आहेत. पण खरं पाप आहे पोटातल्या मुलींना मारण्याचं. ते भुतानं केलेलं नाही, घरच्या माणसांनी केलंय. आणि ते काही कुलपात ठेवलेलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं, ते सगळे गप्प होते.

झाली ना पंचाईत! गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. कोण कोणाच्या गाडीवर बसून गेली, हे चौकाला पाच मिनिटांत कळतं. पण असल्या तपासण्या झाल्याचं कळलं तरी त्याच चौकाची वाचा बसते. मग कसला आडरानाचा एकांत घेऊन बसलात? भर वस्तीतही गुपितं छान पिकतात.

म्हणून बायांनो, बघा खुशाल. फक्त नवऱ्याला नि सासूलाही शेजारी बसवा. आणि शेवट आधीच सांगून टाकणारीला पहिल्या पाच मिनिटांतच उठवून लावा!