ना धड होडी, ना धड विमान

ब्रिटनमध्ये विमानांची मॉडेलं करणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं की स्पिटफायर या गाजलेल्या लढाऊ विमानाच्या टेबलापाशी गर्दी हटत नाही. कोपऱ्यातल्या टेबलामागे मात्र एक गृहस्थ निवांत बसलेले असतात. त्यांच्यापुढे १९१५ च्या सुमाराचं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान असतं: दुमजली पंख, मधे कपडे वाळत घालायला बांधाव्यात तशा तारा आणि चाकांच्या जागी दोन लांबट पेट्या. 'यानं कुठली लढाई जिंकली?' असं कुणी विचारलं, की गृहस्थांचा चेहरा उजळतो. उत्तर 'कुठलीच नाही' एवढंच असतं, पण ते द्यायला त्यांना पाऊण तास लागतो. अशा मंडळींना युद्धवेडे म्हणून मोकळं व्हायची रीत आहे. मला ती पटत नाही. ज्याला पराक्रमाची नशा हवी, तो या यंत्राच्या वाटेला जाणारच नाही. हा भक्त फजितीचा आहे, आणि त्याचं दैवत त्याला त्या बाबतीत कधीच निराश करत नाही.

पुरावा त्याच्याच तोंडून घ्यावा. १९१४ च्या नाताळात ब्रिटिशांनी जर्मनीतल्या कुक्सहाफेनजवळच्या झेपलिन या हवाई जहाजांच्या गोठ्यांवर नऊ सीप्लेनं सोडायचं ठरवलं. दोन विमानांची इंजिनं सुरूच होईनात. उरलेली सात गेली, धुक्यात गोठे सापडले नाहीत, आणि आपल्या जहाजांपर्यंत परतली तीन. बाकीचे वैमानिक समुद्रातून उचलावे लागले. कुणाला पाणबुडीनं उचललं, कुणाला डच मासेमारी बोटीनं. १७ ऑगस्ट १९१५ ला तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ डेकर या ब्रिटिश वैमानिकाचं इंजिन कुरकुरलं म्हणून त्याला टॉर्पेडोसकट पाण्यावर उतरावं लागलं. त्यानं विमान होडीसारखं हाकत नेलं, जहाजं ओढणाऱ्या एका तुर्की टगबोटीवर टॉर्पेडो सोडला, आणि ओझं उतरल्यावर ते कसंबसं हवेत उठलं. हा हवाई हल्ला म्हणायचा की नौदलाचा, या प्रश्नावर आपले गृहस्थ जेवण विसरू शकतात. ब्रिटिश आणि जर्मन आरमारांच्या जटलंडच्या लढाईत, ३१ मे १९१६ ला, रटलंड हा ब्रिटिश वैमानिक आणि त्याचा जोडीदार ट्रुइन यांनी 'शॉर्ट १८४' या सीप्लेनमधून जर्मन जहाजं हेरली आणि बिनतारी संदेश पाठवले. मग पेट्रोलची नळी फुटली. रटलंडनं पाण्यावर उतरून जीवरक्षक जाकिटाची रबरी नळी तिथे जोडली. एवढं करून ती खबर सेनापतीपर्यंत पोचलीच नाही. स्पिटफायरवाल्याकडे विजय असतात. याच्याकडे रबरी नळी आहे, आणि ती तो कुणाच्या विजयाशी बदलणार नाही.

पण हे कौतुक इतकं उदार असेल, तर रंगावरून एवढी हमरीतुमरी कशाला, असा आक्षेप येतो. तो अगदीच खोटा नाही. कापडावरचा रोगण मधासारखा की फिक्या चहासारखा, यावरून वर्षानुवर्षं अबोला धरणारी माणसं या पंथात निघतात. यात दोष थोडा माणसांचा आणि पुष्कळसा त्या विमानांच्या फोटोंच्या फिल्मचा आहे. त्या काळची बरीच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे फोटोत तांबडं काळपट येई आणि निळं फिकं. म्हणजे पुरावा हातात आहे, पण तोच साक्ष फिरवतो. अशा खटल्यात वकील बोलायचे थांबतील कसे? त्यात काही फ्लाइंग बोटी, म्हणजे होडीसारखं धड असलेली सीप्लेनं, १९१८ मध्ये मुद्दाम भडक पट्ट्यांनी रंगवल्या होत्या. आकाशात आपलं कोण ते कळावं आणि समुद्रात पडल्यावर लवकर सापडावं म्हणून. सापडण्यासाठी रंगवलेलं विमान! ज्या यंत्राला आपण पडणार याची एवढी खात्री, त्याचा रंग बिनचूक असावा हा हट्ट मला तरी समजतो.

दुसरा आक्षेप जड आहे: ही यंत्रं माणसं मारण्यासाठीच बनवली होती, त्यांचं लाडिक कौतुक शोभत नाही. मराठी वाचकाला हे दूरचं वाटायला नको. जर्मनांच्या 'वोल्फ' या छुप्या लढाऊ जहाजानं १९१७ मध्ये मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले आणि त्यांवर आदळून जूनमध्ये 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज बुडालं. त्या 'वोल्फ'वर टेहळणीसाठी एक सीप्लेन होतं, नाव 'व्योल्फशेन', म्हणजे लांडग्याचं पिल्लू. नाव गोड, धंदा लांडग्याचाच. गृहस्थ हे नाकारत नाहीत. ते फक्त १५ सप्टेंबर १९१६ ची गोष्ट काढतात: एड्रियाटिक समुद्रात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दोन फ्लाइंग बोटींनी 'फूको' ही फ्रेंच पाणबुडी बुडवली, आणि मग तिथेच पाण्यावर उतरून तिच्या सगळ्या खलाशांना वाचवलं. चाकांच्या विमानाला हे जमलं नसतं, एवढं म्हणून ते गप्प होतात. एका गोष्टीनं हिशेब फिटत नाही, पण त्यांच्या बाजूनं एवढं नोंदवायला हवं की तारखेसकट लक्षात ठेवायला त्यांनी गोष्ट हीच निवडली.

जटलंडवर उडालेलं ते शॉर्ट, क्रमांक ८३५९, पुढे लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ते मोडलं. उरलेला पुढचा सांगाडा आता यॉव्हिल्टनच्या फ्लीट एअर आर्म म्युझियममध्ये आहे, मोडला तसाच, दुरुस्त न करता.