साडूंची इशारा पातळी

सांगलीकराला आकडे वाचायची सवय कृष्णेनं लावली. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून तर पावसाळ्यात चहाच्या आधी पातळी विचारतात. आमचे विश्रामबागेतले साडू बारमाही पातळी बघतात, तीही कॉम्प्युटरच्या प्रोसेसरच्या तापमानाची. सत्तर इशारा, ऐंशी धोका. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा लुकलुकत असतो. तो ७१ झाला की साताऱ्यात माझा फोन वाजतो.

"पाव्हणं, चढतंय बरं का."

या कॉम्प्युटरवर काम काय चालतं, तर मार्केट यार्डातल्या एका बेदाण्याच्या अडतीचे हिशेब आणि जीएसटी. प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००, कागदावर ६५ वॅटचा. म्हणजे छताचा जुना पंखासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त वीज खातो. डब्यातच त्याच्याबरोबर कंपनीचा पंखा आलेला आहे. पण साडूंचा युक्तिवाद बिनतोड असतो. "बेदाण्याला कोल्ड स्टोरेज, आणि बेदाण्याचा हिशेब करणाऱ्याला नुसता वारा?"

म्हणून गेली दोन वर्षं लिक्विड कूलर घ्यायचं चाललंय.

ही जात तुमच्या घरातही असेल. हेच गृहस्थ पूर्वी मिक्सर घेताना जारचं झाकण उघडून वास घ्यायचे आणि स्कूटर घ्यायच्या आधी तीन वर्षं दुसऱ्यांच्या स्कूटरचं ॲव्हरेज वहीत लिहायचे. वस्तू घरी आली की त्यांचा चेहरा पडतो. आता ठरवायला काही उरलं नाही ना! मेहुणीबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ह्यांनी पहिल्यांदा बघितलेला घेतला असता, तर एव्हाना तो वापरून बिघडलासुद्धा असता."

लिक्विड कूलर म्हणजे काय, हे मला साडूंनीच समजावलं आणि फार चांगलं समजावलं. प्रोसेसरवर तांब्याचा चपटा तुकडा बसतो, ती विहीर. त्याच्या डोक्यावर इवलासा पंप. दोन नळ्यांतून पाणी फिरतं, रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत येतं. रेडिएटर २४० चा म्हणजे १२० मिलिमीटरचे दोन पंखे, ३६० चा म्हणजे तीन. शिवाय पंप सगळ्यांत उंचावर ठेवायचा नाही. आत थोडी हवा असतेच, ती वर चढते आणि मोटर हवा धरते. हे सांगताना साडूंचा आवाज एकदम शेताच्या बांधावरचा झाला. ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथल्या माणसाला पंप कळतोच. तो अंगठ्याएवढा असला म्हणून काय झालं?

घोडं अडलं ते मापावर. मेहुणीबाईंचा शिवणकामाचा टेप घेऊन साडू कॅबिनेटमध्ये खांद्यापर्यंत शिरले. रेडिएटरची जाडी २७, त्याला पंखा २५, एकूण ५२ मिलिमीटर. वरून लावावा तर रॅम आडवी येते. पुढून लावावा तर नळ्या पुरतील का? रॅम बुटकी घ्यावी का? त्यापेक्षा कॅबिनेटच मोठं घेतलं तर? मग टेबल? टेबल मोठं झालं तर दिवाण हलवावा लागणार, आणि दिवाणावर आजी. त्या दिवशी चर्चा आजीपाशी थांबली.

मी एकदा चुकून अक्कल पाजळली. म्हटलं, कुठलाही रेडिएटर पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. सांगलीत एप्रिलात खोलीच ३८-४० ची होते. त्यापेक्षा कॉम्प्युटर आमच्याकडे साताऱ्यात ठेवा, आम्ही तुमच्यापेक्षा दीडेकशे मीटर तरी उंचावर आहोत, दोन-चार अंश फुकट मिळतील. साडू गप्प झाले. मग म्हणाले, "तुम्हाला काय! कासचं पाणी उतारानं आपोआप खाली येतंय. आम्हाला टेंभू-म्हैसाळला मोटरी लावून चढवावं लागतं. पंपाची किंमत तुम्हाला नाही कळायची."

आमच्यात यावरून दोन महिने बोलणं नव्हतं. ते दोन महिने सुखाचे गेले.

या मे महिन्यात आम्ही सांगलीला गेलो. साडू अंघोळीला गेलेले बघून आमच्या चिरंजीवांनी कॅबिनेटची बाजू उघडली. आत पंख्याच्या पात्यांखाली गादी भरावी तसा धुळीचा थर होता. पोरानं मशीन बंद केलं, रंगकामाचा जुना ब्रश घेतला, पातं बोटानं धरून पाच मिनिटं झाडलं आणि परत चालू केलं. दोन वर्षं ७१ वर असलेला आकडा ५६ वर येऊन थांबला.

टॉवेल गुंडाळलेले साडू पडद्याकडे बघत उभे राहिले. पूर ओसरल्यावर माणूस भिंतीवरची खूण बघतो, तसे. पोराला शाबासकी दिली, शंभराची नोट दिली. जेवताना मात्र शब्द नाही. आमरसाची दुसरी वाटीसुद्धा घेतली नाही. दोन वर्षांची वही, तीत अकरा कूलर, त्यातले चार हिरव्या शाईनं खुणावलेले. सगळं एका ब्रशानं झाडून नेलं होतं. मला खरंच वाईट वाटलं.

साताऱ्याला पोचतो न पोचतो तोच फोन आला.

"पाव्हणं, ५७ झालंय."

"मग? सत्तरला तेरा बाकी आहेत."

"ते जुनं झालं. आता इशारा पातळी ५५ केलीय."