रिटायर वायरमन

रिटायर वायरमन ओळखायचा तो शर्टाच्या वरच्या खिशावरून. खिशात चष्मा नसेल, पेन नसेल, टेस्टर असतोच. लग्नात, तेराव्याला, ग्रामसभेत, भागवत सप्ताहात, सगळीकडे तो टेस्टर त्याच्याबरोबर जातो. शिडी आणि हातमोजे नोकरी संपताना जमा करावे लागतात, टेस्टर मागायला कोणी येत नाही. 2005 साली वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, पाटी बदलली, बिलं बदलली. याच्या तोंडात अजून ‘बोर्ड’च आहे. ‘आमच्या बोर्डात असं नव्हतं’ हे वाक्य तो घराचं बांधकाम, नातवाची शाळा आणि मोटारीचा एसी अशा कुठल्याही विषयाला लावू शकतो.

या माणसाचा कुठल्याच मेकॅनिकवर विश्वास नसतो. कारण सोपं आहे: त्याच्यावरही आयुष्यभर कोणी ठेवला नव्हता. ‘आलोच, डीपीवर आहे’ असं फोनवर सांगताना आपण नेमके कुठे असायचो, हे त्याला पक्कं माहीत आहे. त्यामुळे समोरचा म्हणाला, ‘अण्णा, संध्याकाळी या, गाडी तयार ठेवतो,’ की याच्या चेहऱ्यावर जाणकाराचं हसू येतं आणि तो गाडी वळवून घरी आणतो. मग घरी ती खोलतो. पंखा, पंप, मिक्सर, कूलर, नातवाची खेळण्यातली रेल्वे हे सगळं त्यानं कधी ना कधी खोललेलं असतं. जोडलेलंही असतं, पण प्रत्येक जोडणीनंतर एखाद-दुसरा स्क्रू उरतो. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ते उरलेले स्क्रू साठवलेले असतात आणि कंपनीवाले ते उगाच जास्तीचे टाकतात, असं त्याचं मत असतं.

आमच्या दिंद्रुडचे अण्णा म्हणजे या जातीतला अस्सल नमुना. गाव माजलगाव तालुक्यात, तेलगावहून सिरसाळा-परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रस्ता सांगायचं कारण आहे. या रस्त्यानं ऊस जातो, कापूस जातो आणि परळीहून राख येते. परळीचं औष्णिक केंद्र 1971 पासून कोळसा जाळतंय आणि आपल्याकडच्या दगडी कोळशात तिसरा हिस्सा तरी निव्वळ राख असते. ही राख टाकाऊ नाही. सिमेंटला लागते, विटांना लागते, सिरसाळ्याकडच्या वीटभट्ट्या तिच्यावर चालतात. म्हणून ती हायवा टिपरात भरून निघते. ताडपत्री असली तर असते, नसली तर मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत असते. अण्णांनी उभी हयात परळीची वीज गावाला वाटली. वाटली म्हणजे, जेवढी आली तेवढी. ते म्हणतात, ‘लाईट आठ-आठ तास जायची. राखेला कवा भारनियमन बघितलं का?’ 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्रच बंद पडलं तेवढे दिवस सोडले, तर त्यांचं म्हणणं खरं आहे.

गाडी सेकंड हँड स्विफ्ट. पांढरी, कारण आमच्याकडे गाडी पांढरीच असते. मे महिन्यात तिचा एसी मरगळला. पंखा चारवर ठेवला की आवाज जीपचा आणि वारा हातपंख्याचा. अशा वेळी गावातला कोणीही, ज्यानं आयुष्यात चारचाकी चालवलेली नाही तोसुद्धा, एकच निदान करतो: गॅस संपला. मेकॅनिकही तेच म्हणाला. अण्णा तिथंच उसळले. ‘गॅस संपायला ती शेगडी हाय का? बंद नळीतला गॅस हाय. गळतोय, संपत नसतोय. आधी गळती दाव, मग पैशे माग.’ आणि त्यांनी गाडी वळवली.

इथे मला कबूल करणं भाग आहे की म्हातारा बरोबर होता. गॅस कमी झाला तर वारा जोरात येतो पण गार येत नाही. इथे वारा गार होता, फक्त येत नव्हता. म्हणजे वाट तुंबलेली. डॅशबोर्डच्या पोटात पंख्याजवळ एक घड्या घातलेली जाळी असते. आत येणारी हवा तिच्यातून गाळून पुढे कूलिंग कॉइलवर जाते. ती साधारण वर्षाला, किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलायची असते, आणि आमच्या रस्त्यावर त्याच्याही आधी. बहुतेकांना ही जाळी असते हेच माहीत नसतं. काही स्वस्त गाड्यांत तर कंपनी ती देतही नाही. जागा ठेवलेली असते आणि तिथे झाकण असतं.

आता हवा गाळायची कल्पना आमच्याकडे नवी आहे अशातला भाग नाही. काळी-पिवळी जीपमध्ये दहाव्या माणसाच्या मांडीवर बसून माजलगावला जाणारा प्रत्येक जण नाकातोंडाला गमजा गुंडाळूनच बसायचा. मोटारीलाच गमजा बांधायची हिकमत अमेरिकेतल्या नॅश कंपनीनं केली, 1938 साली. बाहेरची हवा गाळून, गरम करून आत सोडायची सोय तिनं गाडीत दिली. आदल्याच वर्षी ही मोटारवाली कंपनी केल्व्हिनेटर या फ्रिजवाल्या कंपनीशी एक झाली होती, हे कळलं की उलगडा होतो. तिकडे थंडीसाठी झालेली ही सोय दिंद्रुडपर्यंत आली ती मे महिन्यासाठी आणि राखेसाठी.

अण्णांनी माजलगावहून जाळी आणली. तीन-चारशे रुपयांची वस्तू. बरोबर भाचा. प्रत्येक वायरमनच्या मागे एक झिरो वायरमन असतो: ना पगार, ना नेमणूक, ना विमा, पण खांबावर चढणारा तोच. नोकरी संपली तरी हे पद रद्द होत नाही; ते नात्यातल्या कोणाकडे तरी जातं. भाच्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. तो मल्याळीत निघाला. अण्णा म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. पान्याला कुठं भाषा असती?’ खरं म्हणजे या कामाला पानाही लागत नाही. दोन हात पुरतात. पण लिंबाखाली पोतं अंथरून त्यावर अण्णांनी पक्कड, तीन पाने, चार स्क्रू ड्रायव्हर, पट्टी आणि टेस्टर ओळीनं मांडले. हत्यारं मांडली की माणसं जमतात. किराणावाला आला, दूध घालून परतणारे दोघं थांबले, एकानं येताच बॉनेट उघडलं.

‘ते कशाला उघडलंस?’

‘फिल्टर बदलायचाय म्हनले ना?’

‘तो इंजनाचा. ह्यो मान्साचा. इंजनाचा सगळे बदलतेत.’

घरातून बायकोचा आवाज आला, ‘आवं, ते खोलायच्या आदी मपला मिक्सर जोडा की. दिवाळीपस्नं खोलून ठिवलाय.’ अण्णांनी तो ऐकला नाही. भारनियमनाच्या काळात गावाच्या शिव्या न ऐकण्याचा जो सराव झालेला असतो, तो संसारात फार उपयोगी पडतो.

मग परमिट. ही गोष्ट बाहेरच्याला कळायची नाही. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला सांगून लाइन बंद करून घ्यायची, तसं परमिट घ्यायचं, आणि आपण खाली उतरून सांगेपर्यंत कोणी ती चालू करायची नाही, हा वायरमनचा पहिला धडा. तो कोणी विसरला की काय होतं, हे वायरमनला पुस्तकातून कळलेलं नसतं. अण्णांनी गाडीची चावी काढली आणि किराणावाल्याच्या हातात ठेवली.

‘ही तुपल्याकडं. मी सोत्ता मागितल्याबिगर कुनालाच द्यायची न्हाई.’

‘अण्णा, जाळीच तर बदलायचीय. करंट कुठंय तिथं?’

‘करंट न्हाई आसं वाटतं, तिथंच आसतोय.’

यावर कोणी हसलं नाही. किराणावाल्यानं चावी मुठीत घट्ट धरली आणि काम संपेपर्यंत मूठ सोडली नाही. तेवढ्यात अण्णांनी सवयीनं डॅशबोर्डला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. मग सुरुवात.

चालकाच्या शेजारच्या सीटसमोरचा कप्पा आधी रिकामा करायचा. यात खरा वेळ गेला. कप्प्यातून निघालं ते असं: आरसी बुकाच्या झेरॉक्स, साखर कारखान्याची वजनाची पावती, कापसाची पट्टी, होऊन गेलेल्या लग्नांच्या पत्रिका, परळीच्या वैजनाथाहून आणलेलं आणि वाळून कुरकुरीत झालेलं बेलाचं पान, सुपारीचा अडकित्ता, आणि मिक्सरचं एक रबरी कपलर. शेवटची वस्तू अण्णांनी पटकन खिशात घातली, पण खिडकीतून ती दिसायची तिला दिसली.

कप्पा उघडून त्याच्या बाजूचा छोटा दांडा सोडवायचा, दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबायच्या, की अख्खा कप्पा खाली लोंबतो. गॅरेजमध्ये याला मिनिटभर वेळ लागतो. अण्णांना जास्त लागला, कारण ते दाबत नव्हते, समजून घेत होते. प्रत्येक खिट्टी ते बोटानं चाचपत, भाच्याला दाखवत, ‘हिला जोर केला की तुटली, आन मंग हजाराचा डबा’ असं सांगत पुढे जात. मागे एक लांबट झाकण होतं. त्याच्या दोन खिट्ट्या सुटल्या आणि अण्णांनी जाळी हळूहळू बाहेर ओढली. घमेल्यावर धरली, कारण तिच्यातून सांडत होतं.

मी ती जवळून पाहिली. मूळचा पांढरा रंग फक्त कडेच्या पट्टीवर उरला होता. घड्यांच्या टोकांवर करडा, पिठासारखा मऊ थर. बोट फिरवलं की रेघ उठायची. ती राख. तिच्या खाली काळ्या मातीची धूळ. मध्ये कापसाचे तंतू गुंतून त्यांचा पातळ नमदा झालेला. सोयाबीनच्या मळणीतलं भुसकट, लिंबाची मोडकी पानं, एक मेलेली गांधीलमाशी, आणि एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडून आणलेला चिंध्यांचा बोळा. अण्णा चिमटीनं एकेक काढत होते आणि सांगत होते: हे भुसकट दसऱ्याचं, हा कापूस संक्रांतीच्या पुढचा, राख बाराही महिन्यांची. कोणीतरी सुचवलं की पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारली तर हीच जाळी आणखी वर्षभर चालेल. हे सुचवणारा प्रत्येक गर्दीत असतो. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. हवेच्या झोतानं वरची धूळ उडते, बारीक धूळ आणखी आत बसते, आणि जाळी फाटली तर फाटकी चाळणी लावल्यासारखंच. हे त्यांनी मला नंतर, आवाज खाली आणून सांगितलं. गर्दीत त्यांना एवढंच म्हणायचं होतं: ‘जळका फ्यूज पुसून लावतेत का?’

नवीन जाळी खोक्यातून काढली आणि भाचा किंचाळला.

‘मामा, फसिवलं! जुनीच दिलीय. काळीय बघा.’

आणि ती काळपट होतीच. गर्दीला एकदम उत्साह आला. माजलगावच्या दुकानदारांविषयी ज्याला जे माहीत होतं ते त्यानं सांगून टाकलं. अण्णांनी खोक्यावरचं वाचलं, चष्मा नसल्यामुळे हात लांब करून, आणि म्हणाले, ‘कोळशाची हाय. कार्बन.’ मग स्वतःच थांबले आणि बऱ्याच वेळानं खो खो हसले. ‘बघा लेकाहो. कोळशाची राख आडवायला पुन्हा कोळसाच.’ खरं तर राख अडवतं ते कापड. कोळशाचा थर धूर आणि वास शोषतो. पण एवढा चांगला विनोद मी मोडला नाही.

शेवटचा वाद बाणाचा. जाळीच्या कडेला हवेची दिशा दाखवणारा बाण छापलेला असतो. गर्दीत तीन पक्ष पडले: बाण वर, बाण खाली, आणि काही फरक पडत नाही. तिसरा पक्ष, नेहमीप्रमाणे, सर्वात मोठा होता. अण्णांनी जुन्या जाळीची मळकी बाजू पाहिली. हवा ज्या बाजूनं येते तीच बाजू मळते. बाणाचं शेपूट त्या बाजूला, टोक स्वच्छ बाजूला. व्हिडिओ नाही, पुस्तक नाही, फक्त मळ पाहून ठरवलं. या एका मिनिटासाठी या माणसाचे उरलेले सगळे स्क्रू माफ करायला हरकत नाही.

झाकण, कप्पा, दांडा, सगळं जागेवर गेलं. अण्णांनी ‘चावी’ म्हणून हात पुढे केला. किराणावाल्यानं खात्री करून घेतली: ‘तुमी सोत्ता मागायलाव ना?’ गाडी चालू झाली. वारा इतका जोरात आला की मागच्या सीटवरची लग्नपत्रिका उडाली. गर्दीनं पाळीपाळीनं झडपेसमोर हात धरले, तोंडं धरली, एकानं टोपी काढून डोकं धरलं. पोत्यावर एकही स्क्रू उरला नव्हता; याचं कारण या कामात स्क्रू नव्हतेच, पण अण्णांनी पोतं झटकून तो विजय सर्वांना दाखवला.

जुनी जाळी त्यांनी फेकली नाही. कडेच्या पट्टीवर मार्करनं तारीख घातली आणि गोठ्याच्या भिंतीला, आधीच्या जाळ्यांच्या शेजारी खिळ्याला लटकवली. त्या ओळीनं पाहिल्या की कुठलं साल किती कोरडं गेलं ते रंगावरून सांगता येतं, असं ते म्हणतात, आणि सांगतातही. भाच्याला त्या दिवशीचा मोबदला म्हणून गाडी धुवायला मिळाली.

तर तुमच्या गाडीचा वारा मंदावला असेल आणि कोणी लगेच गॅस भरायला सांगत असेल, तर आधी तो कप्पा उघडून जाळी बघा. काढताना कुठली बाजू वर होती ते लक्षात ठेवा. स्वतःला जमत नसेल तर दिंद्रुडला या, अण्णा एक पैसा घेणार नाहीत. फक्त सकाळीच या, जेवायच्या तयारीनं या, आणि घरातलं कोणी विचारलं तर मिक्सर अजून जोडायचा आहे, हे आम्ही सांगितल्याचं सांगू नका.