एकलहऱ्याचे फॉन्टकाका

नाशिकरोड सोडलं की एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. २१० मेगावॅटचे तीन संच, पण फॉन्टकाकांना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांची नजर रस्त्यावरच्या पाटीवर. 'एकलहरे'तला 'ल' पाकळीचा आहे का? 'नाशिक'मधल्या 'श'ला देठ आहे का? राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिले, आणि नेमकी हीच दोन अक्षरं काकांच्या पत्त्यात! तेव्हापासून या निर्णयाची अंमलबजावणी आपल्याकडेच आहे, अशी त्यांची समजूत.

असा एक काका बहुतेक वसाहतींत सापडतो. उमेद छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेली, आता मुक्काम पोराच्या डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिका हातात पडली की मुहूर्त राहू द्या, आधी भिंग.

इंग्रजी मजकुरावर मात्र खरा रंग चढतो. टोकांना बारीक पावलं फुटलेली सेरिफ अक्षरं आपल्याला सगळी सारखीच. काका छोट्या 'जी'कडे बघतात. खालचा फासा उघडा? बास्करव्हिल. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ साली व्हर्जिल छापला तो याच वळणात. 'ई'चा डोळा बारीक नि वर चढलेला? गॅरामाँड. लंडनच्या 'टाइम्स'ने ३ ऑक्टोबर १९३२ ला अंगावर घेतलेल्या टाइम्स न्यू रोमनला ते भिंगही लावत नाहीत. "हा काय, कुठेही भेटतो!"

लाडका म्हणजे मॅथ्यू कार्टरचा जॉर्जिया, संगणकाच्या पडद्यासाठी घडवलेला. तो आकड्यांवरून पकडायचा. टाइम्सचे आकडे एका उंचीचे. जॉर्जियाचे शून्य, एक, दोन बुटके, सहा-आठ मान वर काढलेले, बाकीचे ओळीखाली पाय सोडून बसलेले.

परवा फलकावर पाणी बंद असल्याची नोटीस लागली. काका तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. घरी काकूंनी विचारलं, "अहो, पाणी कधी नाही?"

"जॉर्जियाच आहे. लांबूनच ओळखला."

"तारीख सांगा!"

"तारखेवरूनच तर ओळखला. आधी एक, बुटका. पुढच्याचा पाय ओळीखाली."

काकूंनी बोटं मोजली. तेरा, चौदा, पंधरा, सतरा, एकोणीस. मग पदर खोचून त्यांनी पिंप भरायला घेतलं.