क्लॅपहॅमच्या बसमधले गृहस्थ

या गृहस्थांना नाव नाही, पण गाव आहे. दक्षिण लंडनमधले क्लॅपहॅम. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे घोड्यांची बस चालायची. त्या बसमध्ये हे बसलेले असत आणि कागदोपत्री अजूनही बसलेलेच आहेत. वय पावणेदोनशेच्या पुढे, तब्येत ठणठणीत. मरणाची भीती त्यांना नाही, कारण ते जन्मलेच नाहीत.

इंग्लंडच्या न्यायालयांत मात्र त्यांच्याइतके वजन जिवंत माणसाला क्वचितच मिळते. कुणी हलगर्जीपणा केला का, कुणाची बदनामी झाली का, करारातल्या अमुक वाक्याचा अर्थ काय, असा पेच पडला की न्यायमूर्ती स्वतःलाच विचारतात, चारचौघांसारखा समंजस माणूस इथे काय म्हणाला असता? हा समंजस माणूस म्हणजेच आपले बसमधले गृहस्थ. त्यांना बसमध्ये बसवण्याचे श्रेय लॉर्ड बोवेन या न्यायमूर्तींना देतात. छापील निवाड्यात ते १९०३ साली आले, तेही एका संगीत नाटकावरच्या खरमरीत परीक्षणाच्या खटल्यात. परीक्षण झोंबले म्हणून कोर्टात जाणारी माणसे तिकडेही होती, हे वाचून बरे वाटते.

स्वभावाने गृहस्थ मध्यममार्गी. जिना उतरताना कठडा धरतील, पण जिन्याची धास्ती घेणार नाहीत. आभाळ भरून आले तर छत्री घेतील, पण कामावर जातीलच. ग्लासगोमधल्या एका चहाच्या दुकानात गरम चहाचे भांडे सांडून मुले भाजली. तो खटला १९४३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला तेव्हा लॉर्ड मॅकमिलन यांनी गृहस्थांची प्रकृती नोंदवून ठेवली. फाजील भित्रे नाहीत, फाजील धीटही नाहीत. त्याआधी १९३३ मध्ये न्यायमूर्ती ग्रीअर यांनी त्यांच्या घरात डोकावून पाहिले होते. तिथे मासिके येतात आणि संध्याकाळी हे कोट काढून, नुसत्या शर्टावर, अंगणातल्या हिरवळीवर गवत कापायचे यंत्र ढकलतात. ती मासिके कोणती, याचा निवाड्यात उल्लेख नाही. दिवाळी अंकासारखी दोन महिने पुरणारी असतील तर यंत्राला गंज चढायचा.

त्यांची जन्मकथा एका गवताच्या गंजीपाशी सुरू होते. मेनलव्ह नावाच्या माणसाने शेजाऱ्याच्या घरांजवळ गंजी रचली. गवत आतून तापत होते. पाच आठवडे लोक सांगत होते, बाबा रे, पेट घेईल. यावर त्याचे उत्तर होते, बघू काय होते ते. मग त्याने गंजीतून आरपार एक धुराडे काढले, म्हणजे आपल्या परीने उपाय केला. गंजी पेटली, शेजारची घरे जळाली. १८३७ मध्ये खटला वर गेला तेव्हा मेनलव्हच्या वकिलांनी मांडलेला बचाव कुठल्याही अशिलाने कान झाकून ऐकावा असा होता. आमचे अशील बुद्धीने बेताचे आहेत, हे त्यांचे दुर्दैव, आपल्या अकलेप्रमाणे त्यांनी प्रामाणिकपणे केले, आणखी काय करायचे? मुख्य न्यायमूर्ती टिंडल बधले नाहीत. ज्याच्या त्याच्या अकलेने जबाबदारी मोजायची तर ती ज्याच्या त्याच्या पावलाइतकी लांब-आखूड होईल, अशा अर्थाचे ते बोलले. सगळ्यांना एकच माप हवे. ते माप म्हणजे साधारण शहाणा माणूस. शेजाऱ्याचे घर जाळून मेनलव्हने जगाला शहाणा माणूस दिला.

पुढे १८५६ मध्ये बर्मिंगहॅमच्या पाणी कंपनीचा खटला आला. आदल्या वर्षी असा कडाका पडला होता की रस्त्यातल्या नळाची खीळ निकामी होऊन पाणी एका घरात शिरले. बॅरन आल्डरसन यांनी हलगर्जीपणाची व्याख्या केली, ती आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना घोकावी लागते. समंजस माणूस जे करील ते न करणे, किंवा तो जे करणार नाही ते करणे. कंपनी सुटली. असला विलक्षण गारठा गृहस्थांच्याही हिशेबात नव्हता.

पण त्यांची खरी ओळख पटते ती क्रिकेटच्या मैदानावर. ऑगस्ट १९४७. मँचेस्टरजवळच्या चीटम क्लबवर सामना चालला होता. पाहुण्या संघाच्या फलंदाजाने चेंडू असा उंच मारला की तो कुंपणावरून थेट बाहेरच्या रस्त्यावर गेला आणि नुकत्याच घराबाहेर पडलेल्या एका बाईंना लागला. आपल्याकडे अशा वेळी फलंदाज जिन्याखाली लपतो आणि चेंडू मागायला सर्वांत धाकट्याला पाठवतात. इंग्लंडमध्ये बाईंनी दावा लावला. तीसेक वर्षांत चेंडू सहाएक वेळा रस्त्यावर गेला होता, असे पुराव्यात आले. प्रश्न एकच होता. समंजस माणसाने एवढ्यावर कुंपण वाढवले असते का? पहिल्या न्यायाधीशांना वाटले, नसते वाढवले. अपिलात बहुमत म्हणाले, वाढवले असते. १९५१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, नसते. धोका होता, पण इतका बारीक की समंजस माणूस तो मनावर घेत नाही.

एकच गृहस्थ, एकच चेंडू, आणि उत्तर दोनदा फिरले. इथे कुणालाही शंका यावी की बसमध्ये नेमके बसले आहे कोण?

ते सांगण्याआधी एक जुने भांडण आठवायला हवे. १६०७ च्या सुमारास पहिला जेम्स राजा म्हणाला की कायदा बुद्धीवर उभा आहे ना, मग बुद्धी मलाही आहे, मीच खटले निकालात काढीन. मुख्य न्यायमूर्ती एडवर्ड कोक यांनी अदबीने सुनावले की महाराज, बुद्धी आपल्याला भरपूर आहे, पण कायद्याची बुद्धी वेगळी, ती उपजत नसते, वर्षानुवर्षे अभ्यास आणि अनुभव घेऊन कमवावी लागते. राजा फार रागावला, असे कोक यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. राजाच्या अकलेला दारात अडवणाऱ्या याच परंपरेने पुढे बसमधल्या कारकुनाच्या अकलेला पायघड्या घातल्या. कारकून गप्प बसतो, राजा बोलतो, एवढाच काय तो फरक असावा. कारण या गृहस्थांना साक्षीला बोलावता येत नाही, त्यांची उलटतपासणी होत नाही. १९५६ मध्ये लॉर्ड रॅडक्लिफ यांनी कबूलच करून टाकले की या समंजस माणसाचा प्रवक्ता म्हणजे न्यायालय स्वतः. २०१४ मध्ये लॉर्ड रीड यांनी पुन्हा बजावले की बसमधल्या प्रवाशांची मते गोळा करून कोर्टात आणू नका, त्यांच्या वतीने काय बोलायचे ते न्यायालय पाहून घेईल.

थोडक्यात, न्यायमूर्ती झगा आणि टोप उतरवून बसमध्ये चढतात आणि स्वतःशेजारीच बसतात. मला यात लबाडी दिसते, पण उपयोगी लबाडी. ‘मला असे वाटते’ म्हणणारा न्यायाधीश कुठेही वाहवत जाईल. ‘चारचौघांना काय वाटेल’ असे म्हणावे लागले की निदान चारचौघे डोळ्यांसमोर आणावे लागतात.

बसमध्ये इतर मंडळीही आहेत. १९३९ मध्ये न्यायमूर्ती मॅकिनन यांनी एका आगाऊ माणसाला चढवले. दोघे करार करत असताना हा मध्येच तोंड घालतो की अमुक कलम लिहिले नाहीत ते? दोघेही वैतागून ‘ते काय सांगायला हवे?’ म्हणाले, तर ते कलम न लिहिताही करारात आहे असे धरतात. लग्नाच्या बोलणीत असा एक काका प्रत्येक घरात असतो, कोर्टाने त्याला पद दिले.

गृहस्थांचे गाडी चालवणे हाही एक चमत्कार आहे. जन्मभर बसने फिरलेला माणूस, पण १९७१ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने ठरवले की तिसऱ्यांदाच शिकायला बसलेल्या बाईंनी दिव्याच्या खांबावर गाडी घातली, तरी त्यांचे माप मुरलेल्या चालकाचेच. शिकवणाऱ्याचा गुडघा मोडला होता, त्याला भरपाई मिळाली.

या बसमध्ये बराच काळ बाईमाणूस दिसत नव्हते. ए. पी. हर्बर्ट या विनोदी लेखकाने ‘पंच’मध्ये एक खोटा निवाडा लिहून इंग्रजी कायद्याला समंजस स्त्री ठाऊकच नाही, असे न्यायाधीशाच्या तोंडून वदवले. थट्टा होती, पण १९१९ पर्यंत तिकडे ज्युरीत बाई बसू शकत नव्हती की बॅरिस्टर होऊ शकत नव्हती. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडायला १९२२ उजाडले. हर्बर्टला फार कल्पना लढवावी लागली नसेल.

साम्राज्याबरोबर गृहस्थ गावोगाव हिंडले. सिडनीत ते बाँडीच्या ट्राममध्ये बसले, हाँगकाँगात शाउ केई वानच्या. मुंबईत त्यांना सर्वांत मोठे काम पडले ते नौदलातल्या कमांडर नानावटींच्या खटल्यात. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने परपुरुषाशी असलेले संबंध कबूल केले. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि प्रेम आहुजाला त्याच्या घरी गाठले. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी सोडले, उच्च न्यायालयाने ते फिरवले, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. एकाएकी भडका उडाला, या बचावावर न्यायालयाने विचारले की समंजस माणसाचा ताबा सुटला असता का? आणि इथे गृहस्थांना बस बदलावी लागली. आरोपी समाजाच्या ज्या थरातला, त्याच थरातला समंजस माणूस धरायचा, असे ठरले. क्लॅपहॅमला सगळ्यांना एक तिकीट, मुंबईत पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग. तरी पहिल्या वर्गातल्या गृहस्थांनीही नानावटींना हात दिला नाही. दुपारी दीडला घर सोडले, गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांनी. तेवढ्या वेळात डोके थंड व्हायला हवे होते.

आपल्या पुराव्याच्या कायद्यात त्यांचे चुलतभाऊ १८७२ पासून ठाण मांडून आहेत. एखादी गोष्ट सिद्ध झाली कधी म्हणायची, तर शहाणा माणूस ती खरी धरून चालेल इतकी ती संभवनीय असेल तेव्हा. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कायद्याचे नाव बदलले, कलमांचे क्रमांक बदलले. शहाणा माणूस त्याच व्याख्येत, त्याच जागी बसला आहे, आणि इंग्रजी मसुद्यात तो अजूनही पुरुषच आहे.