जावईबापूंची द्राक्षसहल

(निफाडचा द्राक्ष बागायतदार आणि त्याचा पुणेकर जावई. फोनवर.)

जावई : मामा, जुलैत वायनरी बघायला यायचं म्हणतोय. गंगापूर धरण, पाऊस, वेलीवर घोस आणि हातात ग्लास...

सासरे : घोस कुठले? एप्रिलात खरड छाटणी झाली की जुलैत नुसता पाला. तोच बघायचा तर आपली बाग आहे की. तिकीट नाही.

जावई : मग ऑक्टोबर?

सासरे : गोडी छाटणी. काड्या दिसतील. वरून पाऊस झाला, डाऊनी आला, तर मीही दिसायचो नाही. ब्लोअर घेऊन बागेत.

जावई : अहो, मग द्राक्षं असतात तरी कधी?

सासरे : जानेवारी ते मार्च. स्वेटर आणा. निफाडचा पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही. जागणार असाल तर जेवण आमच्याकडे.

जावई : 26 जानेवारीला जोडून सुट्टी आहे!

सासरे : ड्राय डे.

जावई : 30?

सासरे : गांधीजींची पुण्यतिथी. तोही ड्राय डे.

जावई : बरं, तारीख नंतर बघू. हिला द्राक्षं पायांनी तुडवायचीत. फोटो छान येतात.

सासरे : थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून मी इथं एकेक घड कागदात गुंडाळतोय, आणि माझी लेक पैसे मोजून द्राक्षांवर नाचणार?

जावई : ती वेगळी हो, मामा. शेनिन ब्लाँ, शिराझ...

सासरे : ठाऊक आहेत. मणी बारीक, साल जाड, आत बी. मंडईत गिऱ्हाईक हात लावणार नाही. पण सगळा रंग त्या सालीत. रेड करायची तर सालीसकट आंबवायची. व्हाईटला आधी रस काढून घ्यायचा. साखरेचं अल्कोहोल यीस्ट करतं, आपण फक्त टाकी थंड ठेवायची.

जावई : मामा! तुम्हाला बरंच माहीत आहे!

सासरे : हळू बोला. ऐकून आहे. तुमच्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे.

जावई : टेस्टिंगला पीतच नाहीत खरं तर. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा.

सासरे : विकत घेऊन थुंकायचा?

सासूबाई : (आतून) कोण थुंकतंय?

सासरे : कोणी नाही! जावईबापू फवारणीचं विचारताहेत! ...ऐका. पौष वद्य एकादशीला या.

जावई : एकादशीला?

सासरे : त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. ही आधीच दिंडीबरोबर पायी निघते. पंचांग बघून ठेवलंय, ड्राय डे नाही. तुम्ही मात्र दारात उभं राहून आग्रह करायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. जावयाचा शब्द कसा मोडायचा?

जावई : पण मामा, एकादशीचा तुमचा उपास ना?

सासरे : कडक. फराळाला फक्त द्राक्षं.