पलंगाखालच्या बॅटरीविषयी फिरत्या घराच्या धन्यांस अनावृत पत्र



गाडीच्या पोटात घर थाटताना धन्यांनी दाखवलेल्या रसिकतेबद्दल प्रथम त्यांचे अभिनंदन करणे उचित ठरते. सागवानी रंगाचे कपाट, छताला लावलेली निळी एलईडी पट्टी आणि उलगडला की पलंग होणारा सोफा यांची निवड महिनोन्‌महिने चालली. ज्या एका वस्तूवर हे सारे चालायचे त्या बॅटरीची निवड मात्र सुताराचे काम आटोपल्यावर, पलंगाखाली उरलेल्या जागेत जी मावेल ती, या निकषावर एका दुपारी उरकली गेली. जे पाहुण्यांना दिसत नाही त्यावर खर्च कशाला, हा विचार व्यवहारी आहे. मध्यरात्री बंद पडलेला फ्रीजही कोणाला दिसत नाही. तो सकाळी नासलेल्या दुधावरून कळतो.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांचे धर्म वेगळे असतात, हे शास्त्र धन्यांनी उदारपणे बाजूला ठेवलेले दिसते. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ पत्र्यांची संख्या मोठी असते, कारण तिला काही सेकंद प्रचंड प्रवाह देऊन लगेच विश्रांती घ्यायची असते. घर चालवणाऱ्या, म्हणजे ‘डीप सायकल’ प्रकारच्या, बॅटरीचे पत्रे जाड असतात, कारण तिला तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह देत खोलवर रिकामे व्हायचे असते. स्वस्त पडली म्हणून पहिल्या प्रकारची बॅटरी दुसऱ्या कामाला जुंपणे म्हणजे शर्यतीच्या बैलाला नांगराला जुंपून वर त्यालाच आळशी ठरवणे होय.

बॅटरीवर छापलेल्या ‘१०० अँपिअर-तास’ या आकड्यावर धन्यांची जी श्रद्धा आहे तीही लोभस आहे. शिसे-आम्ल बॅटरीबाबत त्या आकड्याचा सर्वसाधारण अर्थ असा, की ५ अँपिअर प्रवाह २० तास मिळेल. प्रवाह जितका जोराने ओढावा तितकी एकूण मिळकत घटते, हा नियम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडून ठेवला आहे. शिवाय अशी बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे छापलेल्या शंभरातले हाताशी येतात ते पन्नासच. आता फ्रीजला दिवसाकाठी सुमारे ४५, पंख्याला १७ आणि दिवे, पंप, फोन व लॅपटॉप मिळून २५, असा साधा हिशेब मांडला तरी बेरीज ८७ अँपिअर-तासांवर जाते. त्यावर धन्यांनी २००० वॉटची इंडक्शन शेगडी आणली. १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरमधील घट धरून, ती सुमारे १८५ अँपिअर ओढते, म्हणजे वीस मिनिटांच्या पिठल्याला साठेक अँपिअर-तास लागतात. पिठले गॅसवर अधिक चांगले होते, हा मुद्दा येथे केवळ जाता जाता.

घरच्या इन्व्हर्टरला ट्युब्युलर बॅटरी आहे, तेव्हा गाडीतही तीच, हा निर्णयही गौरवास पात्र आहे. तिच्यात आम्ल मोकळे खेळते, चार्ज होताना हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो, आणि तीच पेटी धन्यांनी हवा जायला भोक न ठेवता उशीखाली बंद करून घाटरस्त्याला लावली. काचतंतूंच्या चटईत आम्ल धरून ठेवणारी, पाणी न मागणारी ‘एजीएम’ बॅटरी याच कारणासाठी अस्तित्वात आहे. ट्युब्युलरच हवी असेल तर वायू बाहेर काढणारी नळी आणि वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर यांना पर्याय नाही. आरओचे पाणी डिस्टिल्ड नसते, ते कितीही गोड लागो.

चार्जिंगविषयी धन्यांचे मत असे, की पुण्याहून महाबळेश्वरला गाडी नेली की बॅटरी आपोआप भरते. शिसे-आम्ल बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश, कित्येक तास घेऊन भरतो. तीन तासांच्या प्रवासात तो बहुधा अपुराच राहतो. अर्धवट भरलेली बॅटरी महिनाभर तशीच उभी ठेवली की पत्र्यांवरचे शिशाचे सल्फेट कठीण स्फटिक होऊन बसते. यालाच सल्फेशन म्हणतात, आणि बोलीभाषेत ‘बॅटरी बसली’. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही बॅटरी घडवली तेव्हापासून तिचे मूळ रसायन तेच आहे, आणि राज्याच्या २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणालाही त्यात सवलत मिळवता आलेली नाही. विश्रांतीनंतर व्होल्टमीटर १२.६ च्या पुढे दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी रिकामी, एवढे वाचायला पदवी लागत नाही.

पहिली बॅटरी बसल्यावर धन्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटचा मार्ग धरला, हे बरे झाले. ती वजनाने निम्म्याहून हलकी असते, ऐंशी टक्के रिकामी करता येते आणि हजारो फेरे टिकते. परंतु तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहत असल्याने व्होल्टमीटर पाहून अंदाज बांधता येत नाही; त्यासाठी आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारे, ‘शंट’वर चालणारे मापक लागते, आणि ते धन्यांनी महाग म्हणून नाकारले. ही बॅटरी इतका प्रवाह ओढू शकते की अल्टरनेटर तापून जळावा, म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. त्याऐवजी एक जाड वायर जोडली गेली, तीही बॅटरीजवळ फ्यूज न बसवता. लडाखमध्ये सकाळी छतावरचे सोलर पॅनल उन्हात न्हाऊन निघालेले असूनही चार्जिंग सुरू झाले नाही, तेव्हा माल खोटा असल्याचा निष्कर्ष निघाला. वास्तविक शून्य अंशाखाली चार्ज केल्यास या बॅटरीच्या आत लिथियम धातूचा थर साचून ती कायमची बिघडते, आणि आतल्या नियंत्रक सर्किटने चार्जिंग तोडून धन्यांचेच पैसे वाचवले होते. उलट टोकाला, मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात बंद गाडी उभी करण्याने कोणत्याही बॅटरीचे आयुष्य वाढत नाही.

सबब विनंती, की तिसरी बॅटरी घेण्यापूर्वी धन्यांनी एका कागदावर दिवसभराच्या वापराची यादी करून बेरीज मारावी, बसलेली जुनी बॅटरी नव्या बॅटरीला ‘आधार’ म्हणून जोडू नये, कारण ती नवीलाही आपल्याबरोबर खाली ओढते, आणि ती उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. शिशाचे वजनावर पैसे मिळतात. त्यात निदान फ्यूज तरी येईल. कळावे.